कलमाला खतपाणी: गुडघ्याच्या ऑपरेशनमधलं पीआरपी

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय मातीत रुततो, अंग वळतं आणि गुडघ्यात 'टक्' असा आवाज येतो. तासा-दोन तासांत गुडघा टरारून सुजतो. महिन्याभरात सूज ओसरते, पण जिना उतरताना किंवा केळीच्या बागेत ओल्या सरीवरून चालताना 'पाय सटकस' ही तक्रार मागे राहते. ती बहुतेक वेळा एसीएल तुटल्याची खूण असते.

एसीएल म्हणजे मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरकी जाणारी, साधारण 3 सेंमी लांबीची दोरी. ती पूर्ण तुटली की सहसा आपली आपण जुळत नाही. कातडीवरच्या जखमेत रक्त गोठतं आणि त्या गुठळीच्या आधाराने जखम भरते. सांध्यातलं वंगण मात्र तुटलेल्या टोकांमध्ये गुठळी टिकूच देत नाही. म्हणून मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून, त्याची चार पदरी घडी करून (जाडी शक्यतो 8 मिमी किंवा जास्त), दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवतात आणि बटण व स्क्रूने पक्की करतात.

हे खरं तर कलमच. ऑपरेशन संपताना ही नवी दोरी मजबूत असते, पण रक्तपुरवठा तुटल्याने तिच्यातल्या पेशी मरू लागतात. नव्या रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत ती आणखी कमजोर होत जाते. साधारण 6 ते 12 आठवडे हा सगळ्यात नाजूक काळ. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि पेशंटला वाटतं, झालं बरं!

पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव, प्लेटलेटनी दाट केलेला), वापरतात ते हा काळ सोपा जावा म्हणून. डेंग्यूमुळे 'प्लेटलेट' हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. रक्त गोठवण्याबरोबरच या कणांच्या पोटात पेशींना वाढायला आणि रक्तवाहिन्यांना फुटायला सांगणारी प्रथिनं असतात. त्यामुळे पेशंटचंच रक्त घेऊन त्यातल्या प्लेटलेट दाट करायच्या आणि कलमात सोडायच्या.

रक्त काढायला सुई जाड लागते. बारीक सुईतून जोराने ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी दिसतो. नळीत आधीच सायट्रेट असतं, ते रक्ताला गोठू देत नाही. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते. दूधडेअरीतलं क्रीम सेपरेटर याच तत्त्वावर चालतं. पहिल्या, सौम्य फेरीनंतर नळी उजेडात धरली की तळाला तांबड्या पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा सायीसारखा पातळ थर दिसतो. वरचा भाग अलगद ओढून घेऊन पुन्हा, जरा जोरात फिरवतात. प्लेटलेट तळाशी बसतात. वरचा पातळ प्लाझ्मा काढून टाकला की उरतं ते पीआरपी.

इथे गफलत होते ती आरपीएमची, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या याची. 1500 आरपीएमवर 10 सेंमी त्रिज्येच्या मशीनमध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 250 पट बल पडतं, 15 सेंमीच्या मशीनमध्ये सुमारे 375 पट. एका मशीनचा आकडा दुसऱ्यावर जशाचा तसा चालत नाही. बल जास्त झालं तर पहिल्याच फेरीत प्लेटलेट खाली जातात, किंवा वेळेआधीच फुटून माल नळीतच सांडतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा खोली थंड हवी. पण नळी फ्रिजमध्ये ठेवायची नाही. प्लेटलेटना 20 ते 24 अंश मानवतं.

दुसरी गफलत 'पाचपट', 'सहापट' या शब्दांची. समजा, रक्तात दर मायक्रोलिटरला 2 लाख प्लेटलेट आहेत. 50 मिली रक्तात त्या 1000 कोटी होतात. त्यातल्या 60 टक्के हाती लागल्या आणि 5 मिलीत आल्या, तर 600 कोटी, म्हणजे दर मायक्रोलिटरला 12 लाख. रक्त 10 मिलीच घेतलं, तर हाती 120 कोटीच. मग त्या कितीही थोड्या प्लाझ्मात दाट करा, एकूण मात्रा पाचवा हिस्साच. म्हणून विचारायचं ते 'किती पट' नव्हे, 'एकूण किती'.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गुडघ्यातून लिटरच्या लिटर सलाईन वाहत असतं. ते चालू असताना पीआरपी सोडलं तर थेट सक्शनच्या बाटलीत. आधी पाणी बंद करून सांधा कोरडा करतात, मग कलमाच्या पदरांत आणि बोगद्याच्या तोंडाशी सोडतात. कॅल्शियम क्लोराइड मिसळलं की त्याची जेली होते आणि ते जागेवर टिकतं.

अॅस्पिरिन प्लेटलेटला तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे 8-10 दिवस, निकामी करते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा परिणाम तात्पुरता असतो, पण असतो. मेडिकलवरून आणलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. हृदयासाठीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्लेटलेट कमी असतील किंवा अंगात जंतुसंसर्ग असेल, तर पीआरपी टाळतात.

एवढं करून मिळतं काय? काही चाचण्यांत एमआरआयवर कलम लवकर मुरल्यासारखं दिसलं. कलमासाठी हॅमस्ट्रिंगऐवजी गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा काढलेल्यांचं त्या जागेचं दुखणं काहींत कमी झालं. पण गुडघा जास्त घट्ट झाला किंवा खेळाडू लवकर मैदानात आला, असं ठामपणे दिसलेलं नाही. बोगदा चुकीच्या जागी पडला असेल, तर पीआरपीने तो सरकत नाही.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्यामुळे 'पीआरपी घेतलंय, पाच महिन्यांत खेळतो' हा हिशेब चुकीचा. ऑपरेशन दिवाळीच्या सुमारास झालं असेल, तर श्रावणाआधी चढाई नाही. आणि तेव्हाही दोन्ही मांड्यांची ताकद मोजूनच.