चिमट्याचा बाक

‘चाके गरगर फिरतात म्हणून सायकल पडत नाही.’ शेजारच्या सातवीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर हे वाक्य लिहिलं होतं आणि खाली भोवऱ्याचं चित्र काढलं होतं. तक्ता माझ्याकडे आला, कारण आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या आळीत सायकली ‘बनवणारा’ मी एकटाच. दुरुस्त करणारे आहेत, चाकाची आऊट काढून देणारे आहेत. पण नळ्या आणून, कापून, जोडून सांगाडा उभा करण्याचा रिकामटेकडा उद्योग माझाच. चित्र सुरेख होतं, विधान अर्धवट होतं. तिला तरी काय बोलणार? दोन सांगाडे बांधून होईपर्यंत मीही लोकांना तेच सांगत होतो.

पहाटे सायकलवर पों-पों करत येणारा पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आठवा. मागे पावांनी भरलेली भली मोठी टोपली, एक हात हॉर्नवर आणि वेग जेमतेम पायी चालण्याइतका. एवढ्या वेगात चाकाचा भोवरा किती जोर लावणार? माणसाच्या आणि पावांच्या वजनापुढे अगदी किरकोळ. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तर भोवऱ्याचा परिणाम रद्दच करून पाहिला. पुढच्या चाकाला खेटून, जमिनीला न टेकणारं दुसरं चाक बसवलं आणि ते उलट्या दिशेने फिरवलं. तरी तो ती सायकल आरामात चालवू शकला. मोकळी ढकलल्यावर मात्र ती लवकर पडायची. म्हणजे भोवरा अगदीच निरुपयोगी नाही, पण स्वार असताना त्याच्यावाचून अडत नाही.

मग सायकल उभी राहते कशी? तळहातावर काठी उभी धरताना ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो, तशीच. डावीकडे कलली की पुढचं चाक डावीकडे वळायला हवं, म्हणजे चाकं परत वजनाखाली येतात. करून पाहा: सायकलला फक्त सीटला धरून चालवत न्या आणि जरा डावीकडे कलवा. हँडलला कुणी हात लावलेला नसतो, तरी ते आपणहून डावीकडे वळतं.

हे वळण येतं कुठून, इथे सायकल बांधणाऱ्याचा खरा खेळ सुरू होतो. हँडलची दांडी ज्या नळीत फिरते ती सरळ उभी नसते, मागे झुकलेली असते. त्या नळीच्या मध्यातून एक रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात. चाक रेघेच्या मागे फरफटत येतं, दुकानातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं. सायकल कलली की जमिनीचा वर येणारा रेटा रेघेच्या मागे लागतो आणि चाकाला कलत्या बाजूला वळवतो.

आता चिमट्याकडे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्ककडे बघा. त्याची टोकं पुढे वाकलेली असतात. हा बाक धक्के सोसायला असतो असं आमचे मिस्त्री सांगतात, आणि थोडं खरंही आहे. पण बाक पुढे वाढवला की ट्रेल वाढत नाही, उलट कमी होतो! कारण चाक पुढे सरकून रेघेच्या जवळ येतं. हिशेब असा: चाकाची त्रिज्या गुणिले नळीच्या जमिनीशी असलेल्या कोनाचा कोसाइन, त्यातून बाक वजा, आणि आलेल्या आकड्याला त्याच कोनाच्या साइनने भाग. त्रिज्या ३४० मिलिमीटर, कोन ७२ अंश, बाक ४५ धरला तर ट्रेल ६३ मिलिमीटर येतो. रोजच्या सायकलीला हा आकडा छान मानवतो.

माझ्या पहिल्या सांगाड्याचं गणित कागदावर हेच होतं. ग्रिल-गेट करणाऱ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये आम्ही नळ्या पितळेने जोडल्या. पोलाद वितळू द्यायचं नाही, टाकणखार लावलेल्या फटीत फक्त पितळ ओढलं जाऊ द्यायचं. नळीची भिंत एक मिलिमीटरहून पातळ, त्यामुळे ज्योत जरा रेंगाळली की भोक. एवढं सांभाळण्याच्या नादात साच्याचा एक बोल्ट आवळायला मी विसरलो. नळी सरकली आणि ७२ अंशांचा कोन ७० झाला. मित्र कोकणीत म्हणाला, “जाता, सर.” म्हणजे होतंय, चालेल. रंग चढला, सायकल उभी राहिली.

नार्वेच्या फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाऊन आलो. सपाटीवर सायकल राजासारखी चालली. घरी येताना मयेच्या चढावर वेग उतरला आणि हँडल एका बाजूला कोसळू लागलं. त्याला सावरता सावरता मनगटं दुखली. दोन अंशांनी ट्रेल ६३चा ७६ झाला होता. शिवाय झुकलेल्या नळीत हँडल वळलं की सायकलचं पुढचं टोक किंचित खाली बसतं, आणि हे बसणं ट्रेलबरोबर वाढतं. माझ्या बाबतीत जवळजवळ ३० टक्क्यांनी. वेग असताना हे जाणवत नाही, चढावर मात्र हात पिरगळतं.

सांगाडा तोडणार कोण? चिमटा नवा केला, बाक ४५ऐवजी ५७. ट्रेल पुन्हा ६३. हँडल वळल्यावर बसण्याची खोड थोडी उरली, पण मनगटं वाचली. मधल्या काळात दोघा हितचिंतकांनी हँडलला लिंबू-मिरची बांधायला सुचवलं होतं. बारा मिलिमीटरचा बाक लिंबाने कसा येणार, हे मी विचारलं नाही.

इथवर ट्रेलचं कौतुक केलं, पण गोष्ट इथेही संपत नाही. २०११ साली कॉर्नेल आणि डेल्फ्ट इथल्या संशोधकांनी एक विचित्र गाडी केली. भोवऱ्याचा परिणाम उलट्या चाकांनी रद्द, आणि ट्रेल उणे ४ मिलिमीटर, म्हणजे चाक रेघेच्याही पुढे. तरी ढकलल्यावर ती स्वतःला सावरत पुढे गेली. कारण वजनाची मांडणी. वळणाऱ्या पुढच्या भागाचं वजन हँडलच्या रेघेच्या पुढे आणि मागच्या भागापेक्षा खाली ठेवलं होतं. कलताना बुटका भाग उंच भागापेक्षा लवकर पडू पाहतो, पण दोघे जोडलेले, म्हणून पुढचा भाग आधी वळतो. समीकरणांत हे सगळं आकड्यांच्या कोष्टकांत येतं आणि वेग बदलला की त्यांची उत्तरंही बदलतात. ती कोष्टकं मी तीनदा सोडवायला घेतली आणि तीनदा चहा प्यायला उठलो. एवढं पक्कं की भोवरा एकटा नाही आणि ट्रेलही एकटा नाही. त्यामुळे ‘जायरो (म्हणजे हाच भोवरा) तंत्राने न पडणारी सायकल’ असली जाहिरात दिसली की मी पान उलटतो.

मुलीने भोवरा खोडला नाही. त्याच्या शेजारी तिने चिमटा काढला आणि हँडलच्या नळीच्या मध्यातून जमिनीपर्यंत तुटक रेघ ओढली. मग तक्ता उलटा करून तिने मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून स्वतःच्या सायकलचा हिशेब करून घेतला. चाक २० इंची, त्रिज्या सुमारे २५०, कोन ७२, ट्रेल ५५ हवा. बाक येतो २५. एवढा कमी वाकवलेला चिमटा आम्ही अजून केलेला नाही, म्हणून मित्राला विचारलंय. त्याचं उत्तर अर्थातच, “जाता, सर.” या खेपेला सगळे बोल्ट आवळायचं काम तिच्याकडे आहे.