फ्लेमिंग, चर्चिल आणि दलदलीची थाप

व्हॉट्सअ‍ॅपवरची ती गोष्ट तुमच्याकडेही आली असेल: दलदलीत रुतलेल्या छोट्या चर्चिलला फ्लेमिंग नावाच्या स्कॉटिश शेतकऱ्याने वाचवलं, चर्चिलच्या वडिलांनी त्याच्या मुलाला डॉक्टर केलं, पुढे त्याच्याच पेनिसिलिनने चर्चिलचा न्यूमोनिया बरा झाला.

शुद्ध लोणकढी! पेनिसिलिन शोधणारा अलेक्झांडर फ्लेमिंग सात वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. डॉक्टरकी शिकायला कामी आले ते काकांकडून वारशात मिळालेले पैसे. आणि १९४३च्या न्यूमोनियात चर्चिलना पेनिसिलिन नव्हे, 'एम अँड बी' ही सल्फाची गोळी दिली होती.

फ्लेमिंगांचंच काही फॉरवर्ड करायचं तर स्कॉटलंडच्या डंडीत जन्मलेली विल्यमिना फ्लेमिंग घ्या. हार्वर्ड वेधशाळेच्या संचालकांकडे ती आधी मोलकरीण होती. १८८८मध्ये आकाशाच्या फोटोच्या काचेवर अश्वशीर्ष तेजोमेघ (घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा अवकाशातला धूळ-वायूचा ढग) हेरला तो तिनेच.