पलंगासोबत नेण्याचं पत्रक: जोडीदाराला मेंदूचा कॅन्सर असेल तेव्हा

फाउलर पलंग (डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वर-खाली होणारा), एअरबेड (हवेची गादी), व्हीलचेअर, कमोड खुर्ची हे सगळं आम्ही सोलापुरात भाड्याने देतो. ते कसं वापरायचं हे आमचा माणूस घरी येऊन दाखवतो. पण मेंदूच्या गाठीचा पेशंट असला की खरे प्रश्न पलंग जोडून झाल्यावर, बाहेर जिन्यात विचारले जातात. "हे असे नव्हते हो. काल ताट भिरकावलं." हे पत्रक अशा प्रश्नांसाठी आहे. औषधांचं डॉक्टरच सांगतील.

ताट भिरकावणारा माणूस तुमच्यावरच चिडलेला असतो असं नाही. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असली की संयम सुटतो, पुढाकार जातो. कोणी शिव्या द्यायला लागतं, कोणी दिवसभर भिंतीकडे बघत बसतं. गाठ डाव्या बाजूला असेल तर बऱ्याचदा शब्दच सापडत नाहीत. बरंचसं कळत असतं, पण बोलता येत नाही. त्यात मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू असतं. त्याने भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते, साखर चढते. म्हणून काही ती गोळी मनाने बंद करायची नाही. ती हळूहळूच कमी करतात, अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं. मारहाणीपर्यंत गेलं तर मात्र घरची गोष्ट म्हणून झाकू नका, डॉक्टरांना सांगा. तो आजाराचा भाग आहे आणि त्यावर औषध असतं.

बोलताना एका वेळी एकच प्रश्न विचारा, तोही हो-नाहीचा. "चहा घेणार का दूध, की जरा थांबू?" यात तीन प्रश्न झाले.

फिट आली तर

कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेली चादर ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल हुंगवून काहीही होत नाही, शेजारच्या काकूंनी कितीही सांगितलं तरी. पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्धीवर न येता दुसरी आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली तर १०८ ला फोन करा. फिट येऊन गेलेल्या माणसाच्या हातात डॉक्टर सांगेपर्यंत गाडीची किल्ली देऊ नका. भांडण होईल, होऊ द्या.

उचलताना, भरवताना

एक बाजू लुळी पडली असेल तर त्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. शर्ट घालताना आधी तो हात, काढताना तो शेवटी. भरवताना पाठ सरळ हवी. पलंग अर्धा उचलून भागत नाही. आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी अशा पेशंटला ठसक्याची. मऊ भाकरी आमटीत पूर्ण भिजवून द्या. नुसत्या पाण्यानेही ठसका लागत असेल तर डॉक्टरांना कळवा.

तुमचं काय

ग्लायोब्लास्टोमासारख्या (मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) गाठीत ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन असतं, सोबत टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या. एकट्याने हे निभत नाही. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे खूप भेटतात, आणि आपण "हो" म्हणून सोडून देतो. त्याऐवजी काम आणि वेळ हातात द्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी खालच्या वहिनींनी पिंप भरावं, दिरांनी रविवारी दुपारी तीन तास पेशंटजवळ बसावं. त्या तीन तासांत तुम्ही झोपा, कपाट आवरू नका.

मुलांना खरं सांगा: बाबांच्या डोक्यात गाठ आहे, तिची कुणाला लागण होत नाही, आणि तुम्ही दंगा केला म्हणून झालेली नाही. जोडीदार समोर असूनही हरवल्यासारखा वाटणं, त्याचा राग येणं, हे कितीतरी घरांत होतं. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं. पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल, डॉक्टरांना आत्ताच विचारा. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते. दुखणं, उलट्या, झोप यांसाठी उपचार चालू असतानाही मिळते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, चौकशीला १५५३८८. जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. मुंबईला टाटात जायचं असेल तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा दाखला आधी घ्या, मगच सिद्धेश्वर एक्सप्रेसचं बुकिंग करा. राहायची सोय तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. बँकेची सही, नॉमिनी ही कामं पेशंटला समजतंय आणि सही जमतेय तोवर उरका. लोक याला अशुभ म्हणतात. आमच्या मते उशीर जास्त महागात पडतो.

पलंग मागवताना कुठली बाजू कमजोर आहे ते फोनवरच सांगा. चांगली बाजू खोलीकडे येईल असा पलंग लावून देऊ. एअरबेडचा पंप विजेवर चालतो. लाइट जास्त वेळ गेली तर गादी बसते, म्हणून घरची साधी गादी फेकून देऊ नका.