शस्त्रक्रियेआधी वस्तरा फिरवल्याने संसर्ग टळतो का?

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तो भाग वस्तऱ्याने गुळगुळीत केला की जखम चिघळण्याची भीती उरत नाही, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की काही रुग्ण घरूनच दाढीचे ब्लेड फिरवून येतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. केसांत जंतू असतात हे खरे. पण ब्लेड केसांबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या ओरखड्यांत, त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे वावरणाऱ्या स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंना वाढायला रात्रभराची सवड मिळते. सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांच्या १९७१ सालच्या अभ्यासात वस्तरा वापरलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला, तर केस तसेच ठेवलेल्या किंवा केस काढण्याचे मलम लावलेल्या रुग्णांत हे प्रमाण अवघे ०.६ टक्के होते. वस्तरा फिरवून २४ तासांहून अधिक काळ लोटलेल्यांत तर ते २० टक्क्यांवर गेले. पन्नास वर्षांनंतरही वस्तरा सुटत नाही, याचे नवल वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की केस शक्यतो काढूच नयेत आणि अगदी आवश्यक असेल, तरच क्लिपरने कापावेत. क्लिपर केस त्वचेच्या किंचित वर कापतो. मागे खुंट राहिले तरी काही बिघडत नाही. मलमाने काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी साबणाने अंघोळ करावी आणि केसांचा निर्णय शल्यचिकित्सकांवर सोडावा.