मुक्त ज्ञानकोश आणि आरोग्याची माहिती (गोवा)

मुक्त ज्ञानकोश म्हणजे कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं आणि फुकट वाचावं असा ऑनलाइन कोश. लिहिणाऱ्याला पगार नाही, मानधन नाही, त्याचं नावसुद्धा लेखाच्या 'इतिहास' टॅबमध्ये शोधावं लागतं. सगळ्यात मोठं उदाहरण विकिपीडिया, इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठीत १ मे २००३ ला, आणि गोव्याच्या कोंकणीचा बरीच वर्षं ताटकळून २०१५ मध्ये, तोही देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तीन लिप्या एकाच घरात घेऊन. त्याच्या दोन वर्षं आधी गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त लायसन्सवर, म्हणजे कुणीही घ्यावा आणि वापरावा अशा परवानगीने, दिला होता, ही गोष्ट इथल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही.

आरोग्याच्या बाबतीत गोव्याची गंमत अशी की माणूस बोलतो कोंकणीत, पेपर वाचतो मराठीत आणि आजारी पडतो इंग्रजीत. आमची फोंड्याची मावशी हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा डिस्चार्ज कार्डावर 'टीटूडीएम' आणि 'एचटीएन' असं काहीतरी होतं. चष्मा पुसून पुसून दोनदा वाचलं आणि विचारते, "हें कितें बरयलां रे बाबा?" तिला वाटलं दोन नवीन आजार निघाले. निघालं काय, तर शुगर आणि प्रेशर, जे ती गेली दहा वर्षं सगळ्या लग्नांत सगळ्यांना सांगत फिरते तेच. तिच्यासारखी माणसं मोबाइलवर मराठी टाइप करतात, पण टाइप करतात ते 'शुगर', 'बीपी', 'प्रेशर', आणि कोशातलं नाव असतं मधुमेह, उच्च रक्तदाब. मधे पूल लागतो. त्याला मराठी विकिपीडियावर पुनर्निर्देशन म्हणतात, म्हणजे लोकांच्या तोंडातलं नाव शोधलं तरी बरोबर लेख उघडला पाहिजे. एका ओळीचं काम आहे, डॉक्टर असायची गरज नाही, आणि माझ्या मते पाच हजार शब्दांच्या लेखापेक्षा कधीकधी हीच ओळ जास्त उपयोगी पडते.

नावांचा घोळ दुसऱ्या बाजूनेही आहे. 'नागीण' शोधलं की साप, सीरियल आणि आजार सगळे एकदम समोर, आणि आजारावर जे सापडतं त्यात विळखा पूर्ण झाला की माणूस जातो ही खोटी समजूतच जास्त, तो आजार कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं झोपलेला असतो हे कमी. 'कावीळ' हे लक्षण आहे, त्यामागे हेपटायटिसचे (यकृताच्या सुजेचे) वेगवेगळे प्रकार असू शकतात, पित्ताचे खडे असू शकतात, पण लोक कावीळ एकच समजतात आणि झाडपाल्यावाल्याकडे जातात.

तसं बघितलं तर आजारांची लोकांच्या तोंडातली नावं छापण्याची सुरुवात इथलीच जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याने इथल्या औषधी झाडपाल्यावर पुस्तक गोव्यातच छापलं, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नाही तर पोर्तुगीजमध्ये, दोघांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. त्यात कॉलऱ्यासारख्या आजाराचं वर्णन आहे आणि त्याला दिलेलं नाव आपल्या 'मोडशी'वरूनच आलेलं. चार वर्षांनी क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि युरोपभर तोच वाचला गेला. म्हणजे दुसऱ्याचं घ्या, बदला, पुढे द्या, हे तेव्हापासून. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला याच ओर्ताचं नाव आहे.

कुणीही लिहितं तर विश्वास कसा ठेवायचा? इंग्रजी विकिपीडियावर वैद्यकीय लेखांचे नियम बाकीच्यांपेक्षा कडक आहेत, एखाद्याच नव्या प्रयोगाचा पेपर सहसा चालत नाही, अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा, पाठ्यपुस्तकं, मोठ्या संस्थांच्या गाइडलाइन्स असं लागतं, औषधाचा डोस सहसा देत नाहीत, आणि हा वैद्यकीय सल्ला नाही असं स्पष्ट सांगितलेलं असतं. कॅनडाचे डॉक्टर जेम्स हाइलमन आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी डेंग्यूचा लेख इतका घासूनपुसून घेतला की २०१४ मध्ये तो तज्ज्ञांकडून तपासून 'ओपन मेडिसिन' या जर्नलमध्ये छापून आला. दर पावसाळ्यात डेंग्यू बघणाऱ्या गोव्याने हे लक्षात ठेवावं. ऑक्टोबर २०२० मध्ये डब्ल्यूएचओनेही कोविडची चित्रं आणि व्हिडिओ विकिमीडियाला, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेला, मुक्त लायसन्सवर द्यायचं जाहीर केलं.

कोशाचा खरा उपयोग गोंधळाच्या वेळी कळतो. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध कोविडसाठी द्यायचं जाहीर केलं, आणि डब्ल्यूएचओ तेव्हा सांगत होती की कोविडसाठी हे औषध ट्रायलबाहेर वापरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड फिरले. कोशाने इथे निवाडा करायचा नसतो, कोण कधी काय म्हणालं आणि कशाच्या आधारावर, एवढं तारखेसकट मांडायचं असतं.

मराठीत खरी अडचण हातांची आहे, वैद्यकीय लेखांवर लक्ष ठेवणारे थोडे. मग मशीनने भाषांतर करून टाकतात आणि 'ब्लड कल्चर'ची (रक्तात जंतू आहेत का ते बघायच्या तपासणीची) 'रक्त संस्कृती' होते, मेंदूच्या स्ट्रोकचा नुसता 'झटका' होतो आणि वाचणारा तो हृदयाचा समजतो, इथे हसण्यासारखं काही नाही कारण दोन्हीत पहिल्या तासात करायचं वेगळं असतं. रेंज नसलेल्या गावांसाठी किविक्ससारखं अ‍ॅप आहे, आख्खा कोश डाउनलोड करून नेटशिवाय वाचता येतो, पण चूक असेल तर तीही सोबत डाउनलोड होते.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा माकडताप घ्या. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचिडीतून पसरणारा हा आजार, २०१५ मध्ये सत्तरीत पाली गावात साथ आली, आणि काजूच्या हंगामात लोक रानात जातात तेव्हाच जास्त धोका. त्याच्यावर आधी लस दिली जायची, परिणाम कमी पडतो म्हणून कर्नाटकात २०२२ पासून ती थांबली. म्हणजे त्याआधी लिहिलेल्या एखाद्या लेखात 'लस घ्या' असं वाक्य असेल तर ते लिहिलं तेव्हा बरोबर होतं आणि आज चूक. असं वाक्य दिसलं की नुसतं पुसू नये, कुणीतरी तो उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, समजून बदल उलटवतं. आधी संदर्भ शोधावा, लेखाच्या चर्चापानावर दोन ओळी टाकाव्यात, मग बदल जतन करावा.