लाल त्रिकोण: जाहिरात कुठे संपली आणि प्रचार कुठे सुरू झाला

जाहिरात वस्तू विकते, प्रचार विचार पसरवतो, ही नेहमीची वाटणी सरकारच्या कुटुंब नियोजन मोहिमेचं चिन्ह असलेल्या लाल त्रिकोणापाशी टिकत नाही. पैसा कोणाचा हे उघड असलं की जाहिरात, लपवलं की प्रचार, ही कसोटीही इथे निकामी ठरते. सरकारने आपलं नाव कधीच लपवलं नव्हतं.

संततिनियमनाचा विचार या मोहिमेआधीच मुंबईत रुजला होता. समाजसुधारक र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून तो मांडत होते आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले झेलत होते. चाळीसेक वर्षांनी सरकारच त्याचं जाहिरातदार झालं. कुटुंब नियोजन खात्यातल्या दीप त्यागी यांच्या पुढाकाराने टोक खाली असलेला लाल त्रिकोण आणि आईबाप, मुलगा, मुलगी असे चार चेहरे भिंतीभिंतींवर दिसू लागले.

१९६८ मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला. तीन नगांचं पाकीट १५ पैशांना. तोवर ही वस्तू मुख्यतः शहरी औषध दुकानांत मिळे. सरकारने वितरण सोपवलं ते चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरी विकणाऱ्या सहा बड्या कंपन्यांवर: ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्तान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, इंडिया टोबॅको, युनियन कार्बाइड. त्यांची माणसं किराणा आणि पानपट्टीपर्यंत आधीच पोचत होती. किंमत नाममात्र होती, पण ती ठेवणं गरजेचं होतं. चार पैसे सुटल्याशिवाय दुकानदार माल मांडत नाही, आणि फुकट वाटलेल्यातलं किती वापरलं गेलं हे कळत नाही. पाकीट खपलं नाही तर ते गिऱ्हाइकाचं ‘नाही’ होतं. ते हिशेबात दिसायचं, आणि नाही म्हणणाऱ्याचं काही बिघडत नसे.

मधला टप्पा केरळमधल्या एर्नाकुलमचा. जुलै १९७१ मधल्या तिथल्या शिबिरात महिनाभरात ६३,४१८ जणांनी, बहुतेक पुरुषांनीच, नसबंदी करून घेतली. सोबत रोख रक्कम आणि वस्तूंचं आमिष होतं. नाही म्हणता येत होतं, पण गरिबाला ते महाग पडे.

आणीबाणीत तेही उरलं नाही. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असल्याने उलट बाजू छापून येईना. चिन्ह तेच, घोषणा त्याच. मोजमाप मात्र खपाऐवजी ‘टार्गेट’चं झालं. अनेक राज्यांत शिक्षकांना माणसं आणण्याचा कोटा होता, तो भरला नाही तर पगार अडे. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७६-७७ चं लक्ष्य ४२.५५ लाख शस्त्रक्रियांचं होतं, झाल्या ८१.३२ लाख. लक्ष्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा आला तेव्हाच कोणीतरी चमकायला हवं होतं. पण तो यश म्हणून मिरवला गेला. कारण अशा यंत्रणेत नकार नोंदवायला रकानाच नसतो.

महाराष्ट्र यात मागे नव्हता. तीन किंवा अधिक मुलं असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारं देशातलं पहिलं विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही.

१९७७ मध्ये इंदिरा गांधींची सत्ता गेली आणि खात्याचं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं. पुरुष नसबंदी त्या धक्क्यातून सावरली नाही. शस्त्रक्रियेचा भार बायकांवर आला तो आजही त्यांच्यावरच आहे. निरोधची विक्री मात्र पुढेही चालू राहिली.