गिट विसरत नाही

गिट नव्याने शिकणाऱ्याला एकच धास्ती असते: आपण काहीतरी भलतीच कमांड दिली आणि आठवडाभराचं काम उडालं तर? ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. जिची धास्ती खरोखर वाटायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे. सार्वजनिक रेपॉझिटरीत (गिट जिथे फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवतं ते कोठार, थोडक्यात रेपो) एकदा गेलेला पासवर्ड तिथून निघता निघत नाही. दोन्हींचं मूळ एकच, गिट माहिती कशी साठवतं त्यात. तेवढं कळलं की पुढच्या बहुतेक युक्त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

ज्यांचा गिटशी अजून संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिट हा एखाद्या फोल्डरमधल्या फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम आहे. प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात, आणि कुठल्याही जुन्या कमिटकडे परत जाता येतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल) लिहिणारी मंडळी २००२ पासून बिटकीपर नावाचं दुसरं साधन वापरत होती. २००५ मध्ये त्याचा फुकट परवाना काढून घेतला गेला आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःचं साधन लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. त्या पहिल्या कमिटच्या संदेशात लिनसने गिटला ‘नरकातून आलेला माहिती-व्यवस्थापक’ म्हटलंय. वीस वर्षं वापरणाऱ्यांनाही ते अधूनमधून पटतं. जुलैमध्ये त्याने सूत्रं जुनियो हमानो यांच्याकडे सोपवली. गिटहब हे गिट नव्हे. ती २००८ साली सुरू झालेली, गिटच्या रेपॉझिटरी ठेवून देणारी वेबसाइट आहे, आणि २०१८ मध्ये ती साडेसात अब्ज डॉलरला मायक्रोसॉफ्टने घ्यायचं ठरवलं. गिटलॅब हे त्याच धंद्यातलं दुसरं नाव. गिट मात्र नेट बंद असलं तरी तुमच्या लॅपटॉपवर बिनघोर चालतं.

आता आतलं यंत्र. गिट फाइलला तिच्या नावाने ओळखत नाही, मजकुरावरून ओळखतं. मजकूर शा-१ नावाच्या गणिती चाळणीतून काढला की ४० चिन्हांची एक ओळ मिळते, तीच त्या मजकुराची ओळख. मजकुरातला स्वल्पविराम जरी हलला तरी ओळ पूर्ण बदलते. आणि मजकूर तोच असेल तर ओळ तीच. त्यामुळे जगात कुठेही, कुणीही नुसती रिकामी फाइल गिटमध्ये टाकली, तर शा-१ वापरणाऱ्या प्रत्येक रेपोत तिची ओळख ‘ई६९डीई२९’नेच सुरू होते. (फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या. त्यानंतर अशी लबाडी ओळखणारी सोय गिटमध्ये आली.)

कमिटचंही तसंच. त्या क्षणी फोल्डर कसं होतं, आधीचं कमिट कुठलं, कुणी केलं, केव्हा केलं आणि संदेश काय, या सगळ्याची मिळून एक ओळ. म्हणून केलेलं कमिट कधी ‘बदलता’ येत नाही. संदेशातली चूक सुधारायला तुम्ही ‘अमेंड’ करता तेव्हा गिट नवं कमिट बनवतं; जुनं तिथेच पडून असतं, फक्त त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. आणि ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, ती तरी काय? एका कमिटकडे बोट दाखवणारी, एरवी ४१ बाइट्सची एक फाइल: ४० चिन्हं आणि ओळ संपल्याची खूण. नवी ब्रँच काढायला खर्च काहीच नाही, तेव्हा कसलाही प्रयोग करण्याआधी खुशाल ब्रँच काढावी.

म्हणजे जुन्या कमिटवर नेणारी ‘रिसेट हार्ड’ ही कमांड मारल्यावर प्रत्यक्षात काय होतं? ब्रँचच्या त्या फाइलीतली ४० चिन्हं बदलतात आणि फोल्डरमधल्या फाइली त्या जुन्या स्थितीला जातात. कमिट केलेलं काम शाबूत असतं, तुम्हाला त्याचा पत्ता तेवढा माहीत नसतो. तो पत्ता ‘गिट रीफ्लॉग’ सांगतं. तुम्ही कुठल्या कमिटवरून कुठे गेलात याची ही रोजनिशी आहे. वेगळी काही सेटिंग न करता ती ९० दिवस राहते, आणि सध्याच्या टोकापासून पोचता येत नाही अशा नोंदी ३० दिवस. त्यातली हवी ती ओळ उचलायची, तिच्यावर नवी ब्रँच काढायची, काम परत.

कमिट केलेलंच नव्हतं, तर? तेव्हाही एक आशा असते. ‘गिट ॲड’ केल्याक्षणी (म्हणजे फाइल पुढच्या कमिटसाठी निवडताच) फाइलचा मजकूर गिटच्या कोठारात जमा होतो, कमिटची वाट न पाहता. ‘गिट एफएससीके’ला ‘लॉस्ट-फाउंड’ हा पर्याय दिला की असे बेवारस तुकडे तो एका फोल्डरमध्ये काढून देतो. नावं गेलेली असतात, मजकूर असतो. अशा बेवारस तुकड्यांना साफसफाईत साधारण दोन आठवड्यांची मुदत मिळते, तेव्हा शोधायचं तर लगेच शोधावं. ॲडही केलं नव्हतं, तर मात्र गिटकडे काहीच नाही. एडिटरचं अनडू गाठा. आणि रीफ्लॉग तुमच्याच मशीनवर असतं, पुश केल्याने (कमिटं सर्व्हरवर चढवल्याने) ते वर जात नाही. फोल्डरच उडवलंत तर रोजनिशीही गेली.

यावरून एकच सवय निघते: छोटी कमिटं, वरचेवर. संध्याकाळी घरी निघताना ‘आजचं काम’ असा संदेश लिहून चाळीस फाइलींचं एक कमिट करणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचं काम सुरक्षित असतं, पण नंतर त्यात काही शोधायची वेळ आली की हाल होतात.

शोधण्यासाठी गिटकडे असलेलं सर्वांत देखणं हत्यार म्हणजे ‘बायसेक्ट’, आणि का कुणास ठाऊक, पाच-पाच वर्षं गिट वापरणाऱ्यांनी ते उघडूनही पाहिलेलं नसतं. समजा महिन्यापूर्वी पावतीवरची बेरीज बरोबर येत होती, आज चुकतेय, आणि मध्ये हजार कमिटं झालीत. बायसेक्टला एक चांगलं कमिट आणि एक बिघडलेलं कमिट सांगा. तो बरोबर मधलं कमिट उघडून देतो. तुम्ही बेरीज तपासायची आणि ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचं. पाचशे बाद. मग पुन्हा मधलं. हजार कमिटांतला गुन्हेगार साधारण दहा तपासण्यांत सापडतो. एक लाख असती तरी सतरा पुरल्या असत्या. तपासणी करणारी छोटी स्क्रिप्ट असेल तर ‘बायसेक्ट रन’ला ती देऊन चहा प्यायला जाता येतं. एखादं कमिट मुळात चालतच नसेल, तर स्क्रिप्टने १२५ हा आकडा परत करायचा, म्हणजे गिट ते वगळून पुढे जातं. शेवटी सापडलेलं कमिट सहा ओळींचं असेल तर चूक समोर दिसते. चाळीस फाइलींचं निघालं, तर खरी शोधाशोध तिथून सुरू.

‘ब्लेम’ सगळ्यांना माहीत असतं: कुठली ओळ शेवटची कुणी हलवली ते दाखवतं. पण नुसती मोकळी जागा सरळ करणाऱ्या बिचाऱ्याच्या नावावर अख्खी फाइल चढते. ‘डॅश डब्ल्यू’ जोडलं की असे बदल बाजूला पडतात. विशिष्ट शब्द किंवा आकडा कोडमध्ये केव्हा आला, केव्हा गेला हे हवं असेल, तर ‘गिट लॉग’ला कॅपिटल ‘एस’चा पर्याय देऊन तो शब्द द्या. काढून टाकलेल्या ओळी ब्लेममध्ये दिसत नाहीत, इथे दिसतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड किंवा क्लाउडची गुप्त किल्ली असलेली फाइल चुकून कमिट करतो, पुश करतो, लक्षात येताच पुढच्या कमिटमध्ये ती फाइल काढून टाकतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. पण आधीचं कमिट बदललेलं नाही, किल्ली त्यात जशीच्या तशी आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९ मध्ये गिटहबवर अशा उघड्या पडलेल्या किल्ल्या एक लाखाहून अधिक रेपोंमध्ये आढळल्या. टोयोटाच्या एका सेवेच्या कोडचा भाग बाहेरच्या कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ मध्ये सार्वजनिक रेपोत गेला होता. त्यात सर्व्हरची किल्ली होती, आणि ती सप्टेंबर २०२२ पर्यंत तशीच उघडी राहिली. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आल्याचं कंपनीने जाहीर केलं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे ती किल्ली रद्द करून नवी घेणं. इतिहास साफ करणं नंतर. ‘फिल्टर-रेपो’ने जुनी कमिटं नव्याने लिहिता येतात, पण मधल्या काळात कुणी क्लोन (रेपोची आपल्या मशीनवर प्रत) घेतलेला असेल, कुणी फोर्क (वेबसाइटवरच आपल्या खात्यात प्रत) केलेला असेल, तर त्यांच्याकडे जुना इतिहास आहेच. गिटहबवर तर मूळ कमिटची ४० चिन्हं ठाऊक असणाऱ्याला ते कमिट नंतरही उघडता येऊ शकतं. २०२४ पासून गिटहब सार्वजनिक रेपोत ओळखीच्या साच्याची किल्ली पुश होताना अडवतं. पण तुम्ही मनाने ठरवलेला ‘ॲडमिन१२३’ ओळखायला त्याच्याकडे साचा नाही. शिवाय ‘गिटइग्नोर’मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) फाइलचं नाव घातलं म्हणजे झालं, हाही गैरसमज. एकदा कमिट झालेल्या फाइलीवर गिटची नजर राहतेच. तिला ‘गिट आरएम’ने ‘कॅश्ड’ पर्याय देऊन गिट नजर ठेवतं त्या फाइलींतून काढावं लागतं. फाइल डिस्कवर राहते.

दुसऱ्याच्या कामावर पाणी फिरवायचा एकच सोपा मार्ग आहे, फोर्स पुश. तुमच्या सहकाऱ्याने दुपारी जे वर चढवलं ते तुम्ही न पाहताच तुमच्या ब्रँचने झाकून टाकता. ‘फोर्स-विथ-लीज’ वापरलं तर गिट आधी बघतं, वरची ब्रँच तुम्ही शेवटची पाहिली होती तिथेच आहे का. नसेल तर नकार देतं. साधा फोर्स टाइप करायची सवयच लावून घेऊ नये.

मराठी मजकूर गिटमध्ये ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, ज्या इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा नसतात. फाइलचं नाव देवनागरीत दिलं की ‘गिट स्टेटस’ त्याऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे ओकतं. ‘म’च्या जागी ३४०, २४४, २५६. काहीही बिघडलेलं नसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं आणि गिट ते बाइट्स अष्टमान आकड्यांत छापतं. ‘मराठी’ एवढ्या नावाचे पंधरा आकडे होतात. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव नावासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त छळणारी. डिफमध्ये (जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवणाऱ्या नोंदीत) ‘दुसऱ्या’ हा शब्द लाल आणि हिरवा असा दोनदा दिसतो, आणि दोन्हींत डोळ्यांना काडीचा फरक सापडत नाही. फरक असतो तो आत. एका कीबोर्डने ऱ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि य असं लिहिलेलं असतं. दुसऱ्याने साधा र, हलन्त, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि य. ऱ हे अक्षर र आणि नुक्ता (खालचं टिंब) अशा जोडीनेही लिहिता येतं. पडद्यावर सारखंच, बाइट्स निराळे, आणि गिट बाइट्स पाहतं. नुक्त्याचा घोळ युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणरूपात मजकूर आणला की मिटतो. जोडकाचा मिटत नाही, तिथे एकच पद्धत ठरवून शोधा-आणि-बदला करावं लागतं. भाषांतराच्या फाइलींवर चार जण काम करत असतील तर हे पहिल्याच दिवशी ठरवा. लेखासारखा मजकूर असेल तर ‘वर्ड-डिफ’ वापरावं, नाहीतर एका शब्दासाठी अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिलं तर आणखी बरं.

गिटहबच्या पानावरचे काही शॉर्टकट झटकन: फाइल उघडी असताना ‘वाय’ दाबलं की पत्त्यात ब्रँचच्या जागी कमिटची ओळख येते. सहकाऱ्याला ‘अमुक ओळ बघ’ म्हणून दुवा पाठवताना हे करावंच, नाहीतर महिन्याने त्या ओळीवर भलतंच काहीतरी असतं. ‘टी’ने फाइल शोधता येते. पूर्णविराम दाबला की ब्राउझरमध्येच एडिटर उघडतो. पुल रिक्वेस्टच्या (‘माझे बदल सामावून घ्या’ या विनंतीच्या) पत्त्याला शेवटी ‘.पॅच’ जोडलं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) की नुसता पॅच, म्हणजे बदलांची फाइल, मिळतो.

राहिला प्रश्न वेबसाइटच बंद पडली तर काय. गूगल कोड आणि गिटोरियस या दोन्ही सेवांनी २०१५ मध्ये गाशा गुंडाळायला घेतला होता. कोडपुरतं भय नसतं, कारण प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये त्याच्या वेळेपर्यंतचा सगळा इतिहास असतो. ‘क्लोन’ला ‘मिरर’ पर्याय दिला तर सगळ्या ब्रँच आणि टॅगही (ठराविक कमिटांना दिलेली नावं) येतात. पण इश्यू (चुका आणि सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्टवरच्या चर्चा, टिप्पण्या हे गिटमध्ये नसतं, त्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये असतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याने रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते, आणि बॅकअप घेणाऱ्या बऱ्याच यंत्रणा चालतच नव्हत्या असं तेव्हा कळलं. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती म्हणून बाकीचं वाचलं. त्या सहा तासांतले इश्यू आणि टिप्पण्या गेल्या. रेपॉझिटरींना आणि विकींना धक्का लागला नाही.

गिटहबवरही विकी ही वेगळी गिट रेपॉझिटरीच असते. रेपोच्या पत्त्यात शेवटच्या ‘.गिट’आधी ‘.विकी’ घातलं की ती क्लोन करता येते. इश्यूंसाठी मात्र एपीआयवरून (प्रोग्रामना माहिती देणाऱ्या वेबसाइटच्या दारातून) उतरवून घेणारी स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि ती ठराविक वेळाने आपोआप चालेल अशी लावून ठेवावी.